होम थिएटरसाठी रिसीव्हरची निवड आणि स्पीकरशी जुळणी : नागपूरच्या घरांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

होम थिएटरची खरेदी करताना ग्राहकाचे लक्ष प्रथम रिसीव्हरच्या खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याकडे जाते. प्रत्यक्षात ध्वनीची गुणवत्ता क्रमाने खोली, स्पीकर आणि त्यानंतर रिसीव्हर यांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात संवेदनक्षमता, संरोध, निनादकाल व उष्णता या चार राशींच्या आधारे रिसीव्हर व स्पीकर यांची जुळणी कशी करावी याचे विवेचन केले आहे. नागपूरचा उन्हाळा, खिडकीत बसविलेला कूलर व कठीण पृष्ठभागांच्या खोल्या यांचा या निवडीवर होणारा परिणाम उदाहरणांसह स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : होम थिएटर, रिसीव्हर, स्पीकर, संवेदनक्षमता, संरोध, निनादकाल, डेसिबल

१. प्रस्तावना

चित्रपटगृहातील बहुवाहिनी ध्वनी घराघरांत पोहोचण्याचा प्रवास गेल्या तीन दशकांतील आहे. १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल ही पद्धती चित्रपटगृहांत आली; १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस आली. पुढे डीव्हीडीमुळे हाच ध्वनी घरातील दिवाणखान्यात उपलब्ध झाला. २०१२ मध्ये डोक्यावरूनही ध्वनी ऐकविणारी डॉल्बी ॲटमॉस पद्धती आली आणि कालांतराने तीही घरगुती उपकरणांत समाविष्ट झाली. या सर्व पद्धतींमधील संकेत उलगडणे, प्रत्येक वाहिनीचा ध्वनी वेगळा करणे, त्याचे वर्धन करणे आणि तो योग्य स्पीकरकडे पाठविणे ही कामे जे एकच उपकरण करते, त्यास रिसीव्हर असे म्हणतात.

सीताबर्डीच्या बाजारपेठेत किंवा शहरातील कोणत्याही मोठ्या दालनात रिसीव्हर पाहावयास गेल्यास पहिला प्रश्न बहुधा ‘किती वॅटचा?’ असाच असतो. महाविद्यालयाच्या दृक्श्राव्य कक्षासाठी मागविलेल्या दरपत्रकांतही हाच आकडा ठळकपणे नमूद केलेला असतो आणि खरेदी समितीतील सदस्य त्याच आकड्यावरून तुलना करतात. हा आकडा सर्वस्वी निरर्थक नसला तरी तो सर्वांत कमी माहिती देणारा आकडा आहे. त्याच्या भरवशावर केलेल्या खरेदीत पैसा खर्च होतो, आवाज मोठा होतो, परंतु संवाद मात्र स्पष्ट ऐकू येत नाहीत. असे का घडते आणि ते कसे टाळता येते, याची मांडणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. वॅट या आकड्याचे मर्म

मानवी कानाला ध्वनीच्या शक्तीतील वाढ सरळ प्रमाणात जाणवत नाही. शक्ती दुप्पट केली असता ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. ही वाढ जाणवते, पण ती माफकच असते. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजे ८० वॅटच्या जागी १०० वॅटचा रिसीव्हर घेतल्यास पडणारा फरक १ डेसिबलइतकाच असतो. सामान्य श्रोत्याला तो ओळखताही येणार नाही.

त्यातही छापलेला आकडा कोणत्या अटींवर मोजला, हे पाहिल्याशिवाय त्यास अर्थ प्राप्त होत नाही. एकाच रिसीव्हरसाठी ‘१५० वॅट’ आणि ‘८० वॅट’ असे दोन्ही आकडे प्रामाणिकपणे देता येतात. पहिला आकडा ६ ओहम भारावर, १ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेला, एकच वाहिनी चालवून आणि १० टक्के विरूपण मान्य करून मोजलेला असू शकतो. दुसरा ८ ओहम भारावर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या संपूर्ण श्राव्य पट्ट्यात, दोन वाहिन्या एकाच वेळी चालवून आणि ०.०८ टक्के विरूपणाच्या मर्यादेत मोजलेला असतो. १० टक्के विरूपण म्हणजे ध्वनितरंगाचे माथे उघडउघड छाटले गेलेले असतात. तुलनेसाठी ग्राह्य धरावयाचा तो दुसराच आकडा. सात वाहिन्या एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालविल्या, तर प्रत्येक वाहिनीला मिळणारी शक्ती या दुसऱ्या आकड्याच्याही निम्म्यापर्यंत खाली येणे नवलाचे नाही, कारण सर्व वाहिन्यांचा वीजपुरवठा एकाच ट्रान्सफॉर्मरवर चालतो. चित्रपटात सर्व वाहिन्या एकाच क्षणी शिखरावर क्वचितच असतात, म्हणून ही मर्यादा व्यवहारात सहसा जाणवत नाही.

स्वस्त संचांवर आढळणारा ‘पीएमपीओ’ हा हजारोंच्या घरातील आकडा तर कोणत्याही मान्य व्याख्येवर आधारलेला नाही. त्याकडे दुर्लक्ष करणेच योग्य. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा अतिरंजित दाव्यांना आळा घालण्यासाठी १९७४ मध्येच नियम केला होता. २०२४ मध्ये त्यात सुधारणा करून ८ ओहम भार, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ हा पट्टा आणि १ टक्क्यापेक्षा कमी विरूपण या अटी स्पष्ट करण्यात आल्या. आपल्याकडील ग्राहकानेही दरपत्रकात नेमक्या याच अटींवरील आकडा मागावा.

३. संवेदनक्षमता : जुळणीचा पहिला निकष

रिसीव्हरच्या वॅटइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात असतो. तो म्हणजे संवेदनक्षमता. स्पीकरला १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबल ध्वनिपातळी मिळते, हे त्यावरून कळते. बाजारातील घरगुती स्पीकरांची संवेदनक्षमता साधारणतः ८४ ते ९२ डेसिबलच्या दरम्यान असते. हा फरक वरवर किरकोळ दिसतो. मात्र ८५ डेसिबलच्या स्पीकरला जेवढा आवाज काढण्यासाठी ४ वॅट लागतात, तेवढा आवाज ९१ डेसिबलचा स्पीकर १ वॅटमध्ये काढतो.

उदाहरणादाखल १२ फूट रुंद, १५ फूट लांब आणि १० फूट उंच अशी खोली घेऊ. नागपुरातील सदनिकांच्या दिवाणखान्यांचे आकारमान पुष्कळदा याच्या आसपास असते. श्रोता स्पीकरपासून ३ मीटर अंतरावर बसला आहे. मोकळ्या मैदानात या अंतरावर ध्वनिपातळी १ मीटरच्या तुलनेत सुमारे ९.५ डेसिबलने घटली असती. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीची भर पडत असल्याने घट ७ डेसिबल धरणे व्यवहार्य ठरते. घरात चित्रपट पाहताना संवादांची पातळी ७० डेसिबलच्या आसपास ठेवली, तर क्षणिक शिखरे ९५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात. व्यावसायिक चित्रपटगृहाच्या प्रमाणित पातळीनुसार मुख्य वाहिन्यांची शिखरे १०५ डेसिबलपर्यंत जातात. या दोन लक्ष्यांसाठी प्रत्येक वाहिनीला लागणारी शक्ती पुढीलप्रमाणे येते.

तक्ता क्र. १ : ३ मीटर अंतरावर अपेक्षित शिखरपातळीसाठी लागणारी शक्ती (प्रतिवाहिनी, सुमारे)

| स्पीकरची संवेदनक्षमता | ९५ डेसिबल शिखरासाठी | १०५ डेसिबल शिखरासाठी |
|---|---|---|
| ८५ डेसिबल | ५० वॅट | ५०० वॅट |
| ८८ डेसिबल | २५ वॅट | २५० वॅट |
| ९१ डेसिबल | १२.५ वॅट | १२५ वॅट |

या तक्त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, घरगुती पातळीवर ऐकणाऱ्यास ८० प्रामाणिक वॅटचा मध्यम किमतीचा रिसीव्हर जवळजवळ कोणत्याही स्पीकरसाठी पुरेसा आहे. दुसरी, चित्रपटगृहाची पातळी हवी असल्यास कमी संवेदनक्षम स्पीकरसाठी लागणारी शक्ती कोणताही सामान्य रिसीव्हर देऊ शकत नाही. तेथे अधिक वॅटच्या रिसीव्हरवर खर्च करण्याऐवजी अधिक संवेदनक्षम स्पीकर घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

संवेदनक्षमतेचा आकडा वाचताना एक सापळा ध्यानात ठेवावा. पुष्कळ उत्पादक हा आकडा १ वॅटऐवजी २.८३ व्होल्ट या दाबावर देतात. ८ ओहमच्या स्पीकरसाठी २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅटच होतो. परंतु ४ ओहमच्या स्पीकरसाठी तो २ वॅट होतो. म्हणजे २.८३ व्होल्टवर ८८ डेसिबल असलेला ४ ओहमचा स्पीकर प्रत्यक्षात वॅटमागे ८५ डेसिबलच देत असतो.

४. संरोध आणि विद्युतप्रवाहाची मागणी

इम्पिडन्स, म्हणजेच संरोध, हा जुळणीचा दुसरा निकष आहे. याविषयीचे गैरसमज बरेच जुने आहेत. महाविद्यालयाच्या पटांगणावर किंवा सभागृहात १०० व्होल्ट लाइनवर चालणारे कर्णे जोडताना ट्रान्सफॉर्मरचे टॅप व एकूण भार यांची जी काटेकोर जुळणी करावी लागते, तीच पद्धत घरातील रिसीव्हरला लागू पडते असे मानले जाते. वस्तुतः ट्रान्झिस्टरवर आधारित आजच्या रिसीव्हरचा स्वतःचा संरोध अत्यंत अल्प असतो. त्याला स्पीकरचा संरोध ‘समान’ असण्याची गरज नसते. तो फार खाली जाऊ नये, एवढीच अपेक्षा असते.

याचे कारण ओहमच्या नियमात आहे. रिसीव्हरने २० व्होल्टचा दाब दिला असता ८ ओहमच्या स्पीकरमधून २.५ ॲम्पिअर प्रवाह वाहतो आणि ५० वॅट शक्ती खर्च होते. त्याच दाबावर ४ ओहमचा स्पीकर ५ ॲम्पिअर प्रवाह ओढतो आणि १०० वॅट घेतो. हा वाढीव प्रवाह पुरविण्याची ताकद रिसीव्हरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये व ट्रान्झिस्टरमध्ये नसेल, तर उपकरण तापते, संरक्षक मंडल कार्यान्वित होते आणि ऐन रंगात आलेला चित्रपट बंद पडतो.

शिवाय माहितीपत्रकावरील ‘८ ओहम’ हे केवळ नाममात्र मूल्य असते. स्पीकरचा संरोध प्रत्येक वारंवारतेला बदलत असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांहून खाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरचा किमान संरोध ६.४ ओहम आणि ४ ओहमच्या स्पीकरचा ३.२ ओहम असावा. प्रत्येक उत्पादक हा दंडक पाळतोच असे नाही. म्हणून ‘किमान संरोध किती व कोणत्या वारंवारतेला?’ हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा. एकाच जोडबिंदूवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास भार ४ ओहम होतो, हेही विसरू नये.

काही रिसीव्हरच्या मागील बाजूस किंवा मेन्यूमध्ये संरोध निवडण्याची सोय असते. ती ‘४’ वर ठेवल्याने स्पीकरशी जुळणी सुधारते, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक उपकरणांत ही सोय अंतर्गत पुरवठ्याचा दाब कमी करून उष्णता मर्यादित ठेवण्यासाठी असते आणि त्याबरोबर उपलब्ध शक्तीही घटते. ४ ओहमचेच स्पीकर घ्यावयाचे असतील, तर ४ ओहम भाराची स्पष्ट हमी देणारा रिसीव्हर निवडावा.

‘स्पीकर १०० वॅटचा आहे, मग ८० वॅटचा रिसीव्हर चालेल काय?’ हा प्रश्नही नेहमी विचारला जातो. स्पीकरवर लिहिलेले वॅट हे त्याच्या सहनशक्तीचे माप आहे, मागणीचे नव्हे. रिसीव्हर लहान असल्याने स्पीकर बिघडत नाही. लहान रिसीव्हर त्याच्या क्षमतेपलीकडे रेटल्याने बिघडतो. अशा वेळी तरंगाचे माथे छाटले जातात, सरासरी शक्ती वाढते, उच्च वारंवारतेच्या उपतरंगांची त्यात भर पडते आणि स्पीकरमधील नाजूक ट्वीटरची तार जळते. आवाज कर्कश होऊ लागला की तो कमी करणे, हाच स्पीकरच्या रक्षणाचा साधा उपाय आहे.

जोडतारांविषयी बाजारात बरीच महागडी मते प्रचलित आहेत. येथेही साधे गणित पुरते. १० मीटर लांबीच्या जोडतारेत जाण्या-येण्याचे अंतर २० मीटर होते. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध तेवढ्या लांबीस सुमारे ०.६९ ओहम, १.५ चौरस मिलिमीटरचा ०.२३ ओहम आणि २.५ चौरस मिलिमीटरचा ०.१४ ओहम येतो. तारेचा रोध स्पीकरच्या संरोधाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असावा, हा ढोबळ नियम धरल्यास ८ ओहमसाठी १.५ आणि ४ ओहमसाठी २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची लवचिक तार पुरेशी ठरते. ती कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते.

५. खोली : दुर्लक्षित घटक

दालनात ऐकलेला संच घरी आणल्यावर तसा ऐकू येत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. दालनातील प्रात्यक्षिक कक्षात गालिचा, जाड पडदे, मऊ आसने व वातानुकूलन असते. घरातील दिवाणखान्यात सिमेंटचा स्लॅब, गिलाव्याच्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि काचेची तावदाने असतात. या पृष्ठभागांवर पडलेला ध्वनी फारच थोडा शोषला जातो. उरलेला पुन्हा खोलीत फिरत राहतो. महाल-इतवारी भागातील जुन्या वाड्यांतील लाकडी पाटण ध्वनीचा काही भाग, विशेषतः मंद्र ध्वनी, शोषून घेते; स्लॅबच्या घरात ही सोय उरत नाही.

या परिणामाचे मापन प्रथम वॉलेस सॅबिन यांनी केले. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला-संग्रहालयातील व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजत नसे. १८९५ मध्ये त्यावर उपाय शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून त्यांनी रात्री-अपरात्री प्रयोग केले. त्यातून निघालेल्या सूत्रानुसार निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचे घनफळ, भागिले एकूण शोषण. वर घेतलेल्या खोलीचे घनफळ सुमारे ५१ घनमीटर आणि पृष्ठभाग सुमारे ८४ चौरस मीटर आहे. जवळजवळ रिकाम्या खोलीत सरासरी शोषणगुणांक ०.०५ धरल्यास निनादकाल सुमारे २ सेकंद येतो. सतरंज्या, जाड पडदे, कापडी सोफा व पुस्तकांची कपाटे यांनी हा गुणांक ०.२ पर्यंत नेल्यास निनादकाल अर्ध्या सेकंदावर येतो. घरातील चित्रपटासाठी ०.३ ते ०.५ सेकंद ही मर्यादा योग्य समजली जाते.

मराठी संवादांच्या आकलनाशी याचा थेट संबंध आहे. ‘चहा’तील तालव्य च आणि ‘चमचा’तील दंततालव्य च, किंवा स आणि श, यांतील भेद प्रामुख्याने ३ किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातील क्षणिक घर्षणध्वनीत असतो. स्वरांची शक्ती मोठी व व्यंजनांची अल्प असते. निनाद लांबला की आधीच्या स्वराचे शेपूट पुढच्या व्यंजनावर पसरते आणि शब्द पुसट होतो. आवाज वाढविल्यास स्वर आणि त्याचे शेपूट दोन्ही वाढतात. स्पष्टता वाढत नाही. हे दुखणे रिसीव्हर बदलून बरे होत नाही.

मंद्र ध्वनीचे दुखणे निराळे आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये विशिष्ट वारंवारतांना अनुनाद निर्माण होतो. उपरोक्त खोलीत लांबीमुळे सुमारे ३७.५, रुंदीमुळे ४७ आणि उंचीमुळे ५६ हर्ट्झला हे अनुनाद येतात. त्या स्वरांना एका जागी आवाज घुमतो, तर दुसऱ्या जागी तो नाहीसा होतो. उपाय सोपा आहे. सबवूफर काही काळ श्रोत्याच्या आसनावर ठेवावा, ओळखीचे संगीत लावावे आणि भिंतीकडेने फिरत ज्या ठिकाणी मंद्र स्वर सर्वांत समतोल ऐकू येतात त्या ठिकाणी सबवूफर कायमचा ठेवावा. पातळ गालिचा या पट्ट्यात काहीही शोषत नाही. कोपऱ्यात उभी केलेली जाड कापसाची गादी त्याहून अधिक उपयोगी पडते.

६. नागपूरचा उन्हाळा : उष्णता, कूलर व शेजार

रिसीव्हरच्या अनेक माहितीपुस्तिकांत सभोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे असे लिहिलेले असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे. मे २०१३ मध्ये तो ४७.९ अंशांवर पोहोचला होता. एबी वर्गाचे वर्धक असलेला रिसीव्हर मंद आवाजातही काही दशक वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असतो. तो टीव्हीखालच्या काचेच्या बंद कपाटात ठेवल्यास आतील तापमान खोलीपेक्षा सहज १० अंशांनी अधिक होते. आतील इलेक्ट्रोलिटिक धारित्रांचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे साधारणतः निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिकीतील सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणून रिसीव्हर उघड्या फळीवर, वर किमान १५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडून ठेवावा. त्यावर सेट-टॉप बॉक्स किंवा शोभेचे वस्त्र ठेवू नये. डी वर्गाच्या वर्धकांची कार्यक्षमता ८५ टक्क्यांहून अधिक असल्याने ती कमी तापतात. विदर्भातील ग्राहकाने हा मुद्दा निवडीत जरूर धरावा.

कूलरचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या ताट्यांतून हवा खेचणारा खिडकीतील कूलर खोलीत ५५ ते ६० डेसिबलपर्यंत सततचा आवाज करू शकतो. संवाद सहज समजण्यासाठी तो पार्श्वरवापेक्षा किमान १० ते १५ डेसिबल वर असावा लागतो. परिणामी कूलर चालू होताच प्रेक्षक आवाज वाढवितो आणि शिखरेही तेवढ्याच प्रमाणात चढतात. पंख्यांच्या आवाजाच्या ढोबळ नियमानुसार पंख्याची गती २० टक्क्यांनी कमी केल्यास त्याचा आवाज सुमारे ५ डेसिबलने घटतो. रिसीव्हरची शक्ती तिपटीने वाढवून जे साधते, ते कूलरच्या बटणाने फुकट साधते. कूलरचा झोत थेट स्पीकरवर किंवा रिसीव्हरवर येऊ देऊ नये. दमट हवा व धूळ यांमुळे जोडबिंदू गंजतात.

कूलर खिडकीत बसविलेला असतो आणि तो थंडावा देण्यासाठी दुसरी खिडकी किंवा दार उघडे ठेवावे लागते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची विटांची भिंत सुमारे ४० ते ४५ डेसिबल ध्वनी अडविते. पण त्याच भिंतीतील उघडी खिडकी तिची ही सारी मेहनत वाया घालविते. उन्हाळ्याच्या रात्री नागपुरातील होम थिएटर म्हणूनच शेजाऱ्याच्या घरातही चालू असते. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज स्वतःच्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. म्हणजे रात्री सीमेवर ५० डेसिबल. ९५ डेसिबलची शिखरे आणि उघडी खिडकी यांचा मेळ या नियमाशी बसत नाही. परीक्षेच्या काळात शेजारी अभ्यास करणारे विद्यार्थी असतात, हे शिक्षकवर्गास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. जवळपास सर्व आधुनिक रिसीव्हरमध्ये रात्रीच्या श्रवणासाठी शिखरे दाबून संवाद उचलणारी सोय असते. ती वापरावी आणि रात्री सबवूफरची पातळी उतरवावी; मंद्र ध्वनी भिंतींनाही फारसा जुमानत नाही.

विजेच्या बाबतीत तीन दक्षता आवश्यक आहेत. घराचे अर्थिंग सुस्थितीत असावे. केबलची तार व घराचे अर्थिंग यांतील फरकामुळे स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण येते व ती रिसीव्हरचा दोष समजली जाते. चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालविल्यास ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. साइन तरंगाचा इन्व्हर्टर असावा. पावसाळ्यापूर्वीच्या वादळी विजांच्या वेळी वीजजोडणीबरोबरच केबलची तारही काढून ठेवावी.

७. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून खरेदीचा क्रम प्रचलित क्रमाच्या उलट असावा, असे दिसून येते.

(अ) प्रथम खोली मोजावी. आसनापासून स्पीकरचे अंतर निश्चित करावे. टाळी वाजवून पाहावी. तिचा झणझणाट उरत असेल तर अंदाजपत्रकातील पहिला खर्च पडदे व सतरंजी यांवर करावा.

(आ) नंतर स्पीकर निवडावेत. अंदाजपत्रकाचा मोठा वाटा यांस द्यावा, कारण स्पीकर वीस वर्षे टिकतात, तर रिसीव्हरमधील अंकीय पद्धती काही वर्षांत मागे पडतात. समोरचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतील असावेत. चित्रपटातील बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येत असल्याने त्यात काटकसर करू नये. डावा व उजवा स्पीकर श्रोत्याच्या समोरील रेषेपासून ३० अंशांवर आणि मागील जोडी १०० ते १२० अंशांवर असावी. अशी मांडणी ज्या खोलीत शक्य नाही, तेथे सात वाहिन्यांच्या हव्यासापेक्षा नीट मांडलेल्या तीन वाहिन्या व एक सबवूफर अधिक समाधान देतात.

(इ) शेवटी रिसीव्हर. त्याची शक्ती तक्ता क्र. १ वरून आणि प्रवाहक्षमता स्पीकरच्या किमान संरोधावरून ठरवावी. स्पीकरनुसार मंद्र ध्वनीची विभाजन-वारंवारता बदलण्याची सोय असावी. लहान स्पीकरांसाठी ती ८० हर्ट्झच्या आसपास ठेवल्यास सर्वाधिक शक्ती खाणारा मंद्र भाग सबवूफरच्या स्वतंत्र वर्धकाकडे जातो आणि रिसीव्हरवरचा भार हलका होतो. मायक्रोफोनने खोली मोजून दुरुस्ती करणारी सोय असावी. हे मापन कूलर व पंखा बंद ठेवून करावे. मात्र ही दुरुस्ती निनादकाल कमी करू शकत नाही. टीव्हीचा ध्वनी परत आणण्यासाठी ईएआरसी ही जोडणी आणि पुढे स्वतंत्र वर्धक जोडता यावा यासाठी प्री-आउट असल्यास उत्तम.

खोकाबंद संचातील स्पीकर पुष्कळदा ३ किंवा ४ ओहमचे व खास जोडणीचे असतात. ते दुसऱ्या रिसीव्हरला जोडू नयेत. असा संच मोडून त्याचे भाग वापरण्याची अपेक्षा ठेवून घेऊ नये.

८. निष्कर्ष

रिसीव्हर व स्पीकर यांची जुळणी हा चार-पाच आकड्यांचा साधा हिशेब आहे : आसनाचे अंतर, स्पीकरची संवेदनक्षमता, त्याचा किमान संरोध, संपूर्ण पट्ट्यात दोन वाहिन्यांवर मोजलेली रिसीव्हरची शक्ती आणि खोलीचा निनादकाल. यांपैकी खोक्यावर ठळकपणे छापलेला असा एकही नाही. ते सर्व विचारून, मोजून किंवा मोजणीच्या पट्टीने काढावे लागतात. नागपूरच्या हवामानात त्यांत तापमान व कूलरचा रव या दोन राशींची भर पडते. विभागाच्या छोट्या दृक्श्राव्य कक्षासाठी खरेदी करतानाही हीच पद्धत लागू पडते. दरपत्रकाच्या नमुन्यात ‘वॅट’ या एका रकान्याऐवजी वरील रकाने घातल्यास विक्रेत्यांना उत्तरे द्यावी लागतील आणि समितीला तुलना करता येईल. विद्यार्थ्याला मागच्या बाकावर चित्रफितीतील शब्द कळणे, तसेच घरातील वृद्धांना आवाज न वाढविता संवाद समजणे, हीच या सर्व खटाटोपाची खरी कसोटी होय. ती वॅट वाढविल्याने उतरत नाही. खोली, स्पीकर व रिसीव्हर यांचा विचार या क्रमाने केल्यास मात्र ती मध्यम खर्चातही उतरू शकते.